डिझाईनचे कॉलेज आणि आपल्या उसाचे बिल



गळीत हंगाम संपून शेवटच्या पंधरवड्याची बिले बँकेत वर्ग झाली, की आमच्या गट ऑफिसातले प्रश्न बदलतात. जानेवारी-फेब्रुवारीत "साहेब, माझी तोड कधी?" हा एकच प्रश्न सकाळ-संध्याकाळ असतो. मे-जून उजाडला, की बेण्याची चौकशी करायला आलेला सभासद जाता जाता खिशातून घडी घातलेला रंगीत कागद काढतो आणि म्हणतो, "जरा वाचून सांगता का? पोरीला इथं घालायचं म्हणतोय." आमचे काम उसाचे. लागण, खोडवा, हुमणी, खताचा हप्ता यांविषयी विचारा, सांगू. पण सभासदाने विश्वासाने पुढे केलेला कागद परत सरकवणे आम्हांस जमत नाही. सबब या अंकात उसाची सरी सोडून थोडे बांधाबाहेर जात आहोत.

गेल्या काही वर्षांत या कागदांवर एक गाव पुन्हा पुन्हा दिसू लागले आहे, ते म्हणजे पनवेल. आणि विषय ग्राफिक डिझाईन व इंटेरियर डिझाईन. पनवेलच का, हे आपल्या भागात कोणाला फोड करून सांगण्याची गरज नाही. १९६९ चा माथाडी कायदा झाला, पुढे मुंबईचा घाऊक बाजार वाशीला व लोखंडाचा बाजार कळंबोलीला आला, आणि त्यामागून आपले लोकही आले. आज कळंबोली, कामोठे, खांदा कॉलनी इकडे घाटावरच्या बहुतेक गावांचे एक-दोन जण तरी सापडतात. कोणाचा मामा, कोणाचा चुलतभाऊ. पोरगी राहील कुठे ही काळजी मिटते. पुण्यात खोलीचे भाडे भरण्यापेक्षा मामाच्या घरचे दोन घास बरे, असा साधा हिशेब आहे आणि तो चुकीचा नाही.

पनवेलचा आणि घाटावरच्या शेतकऱ्याचा संबंध तसा जुनाच. माल घेऊन घाट उतरलेले गाडीवान परत जाताना पनवेलच्या सुतारांनी केलेली चाके घेऊन वर चढत, एवढी त्या चाकांची ख्याती होती. नगरपालिका १८५२ ची. १९७० साली सिडको स्थापन झाली, मागाहून नवीन पनवेल वसले, २०१६ साली महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमानेही उडू लागली. अशा ठिकाणी इमारती उभ्या राहणार, फ्लॅट विकले जाणार, त्यांत ओटे-कपाटे बसणार, दुकानांना पाट्या लागणार. काम आले म्हणून कामगार आले, आणि कामगार हवे म्हणून शिकवणारेही आले. स्टेशनच्या बाजूला, बाजारपेठेत, कुठे हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर अशी छोटी छोटी करिअर कॉलेजे निघाली आहेत. शेजारी खारघरला केंद्र सरकारची निफ्टसारखी मोठी संस्था आहे, पण तिची परीक्षा देशभराची आणि जागा मोजक्या. आपल्या पोरांच्या वाट्याला बहुधा हा माळाच येतो.

हा विषय निघाला, की पारावरचा पहिला शेरा ठरलेला असतो. "चित्रं काढून पोट भरतं का?" दुसरा शेरा, "इंटेरियर म्हंजे पडदं लावायचं काम, त्याला कॉलेज कशाला?" आमचे याबाबत स्पष्ट मत आहे, की डिझाईन म्हणजे नट्टापट्टा नव्हे. आपण सगळे रोज त्याच्या जिवावर वावरतो, फक्त त्याला नाव देत नाही.

कीटकनाशकाचा डबा हातात घ्या. त्यावर एक तिरका उभा चौकोन असतो. त्याचा खालचा निम्मा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे ठरवून दिले. ज्या मजुराला अक्षर ओळखता येत नाही, तोसुद्धा लांबून रंग पाहून सावध होतो. हे काम कोण्या एकाने बसून विचारपूर्वक आखले असणार, की शब्द न वाचता माणसाचा जीव कसा वाचेल. यालाच ग्राफिक डिझाईन म्हणावयाचे. दुसरे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले. त्याच्या एका बोटभर चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण, सुट्टी हे सगळे कोंबलेले आहे, तरी आजीला चतुर्थी सापडते आणि नातवाला सुट्टी सापडते. कोणते अक्षर मोठे, कोणते बारीक, कुठे लाल, कुठे काळे, याचा विचार केल्याशिवाय हे होत नाही. आता आपल्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवा. चाळीस फोटो, बारा रंग, आणि ज्याचा वाढदिवस त्याचेच नाव सापडत नाही. फरक कळला असेल.

इंटेरियरचे तर आपल्याला जास्तच लागू आहे, म्हणून इथे जरा थांबतो. गेल्या वीस वर्षांत उसाच्या पैशातून आपल्या भागात शेकडो बंगले झाले. आम्ही शिवारफेरीच्या निमित्ताने त्यांतल्या बऱ्याच घरांत चहा घेतला आहे. बाहेरून कमान, आत पीओपीचे छत, त्यात रंगीत दिवे, हॉलमध्ये चार हत्ती बसतील एवढा सोफा. आणि फवारणीचा पंप कुठे? जिन्याखाली. औषधाचा डबा कुठे? त्याच जिन्याखाली, खेळणाऱ्या पोराच्या हाताशी. चिखलाचे पाय धुवायला जागा नाही, म्हणून घरधनी मागच्या दाराने येतो आणि पुढचा हॉल पाहुण्यांसाठी बंद राहतो. धान्याच्या कोठीला ओल येते, कारण ती संडासाच्या भिंतीला लागून आहे. माउली ओट्यापाशी उभी राहून कंबर धरते, कारण ओटा गवंड्याने त्याच्या सवयीने घातला, तिच्या उंचीने नाही. शहरातल्या फ्लॅटची नक्कल मोठ्या मापात केली म्हणजे शेतकऱ्याचे घर होत नाही. घर बांधायला वीस-पंचवीस लाख घालणारा आपला सभासद, आत कोण कसे वावरणार याचा विचार करणाऱ्या माणसाला मात्र दमडी देत नाही, कारण असा माणूस असतो हेच त्याला ठाऊक नाही. आपलीच मुलगी हे शिकून आली, तर तिला हा जिना आणि ती कोठी पुस्तकातून शिकावी लागणार नाही. तिचे बालपण त्यातच गेले आहे.

तेव्हा विषय चांगला. प्रश्न आहे तो माळ्यावरच्या कॉलेजचा.

मागील वर्षी एका सभासदाच्या आग्रहाने आम्ही त्यांच्याबरोबर पनवेलला जाऊन अशा दोन ठिकाणी बसून आलो. नावे घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. पहिल्या ठिकाणी काचेचे केबिन, थंडगार हवा, आणि गोड बोलणाऱ्या कौन्सेलर बाई. त्यांनी मुलीला एकदाही विचारले नाही, की तू काय काढतेस, दाखव. विचारले ते बापाला, की पैसे रोख की हप्त्याने. "आज नाव नोंदवलं तर दहा हजार सवलत, उद्या नाही." आमच्या सभासदाने गुरांच्या बाजारात उभी हयात काढलेली. ते नुसते हसले. भिंतीवर फोटो होते, पण विद्यार्थ्यांच्या कामाचे नव्हे. पदवीदानाच्या टोप्या घातलेल्या पोरांचे. शिकवणारे कोण, असे विचारल्यावर "आमची इंडस्ट्री एक्स्पर्ट फॅकल्टी" एवढेच उत्तर. तास चालू असलेला वर्ग दाखवा म्हटले, तर म्हणे आज सुट्टी आहे. मंगळवार होता.

दुसरे ठिकाण म्हणजे खरोखरच दुकानावरचा माळा. दोन खोल्या, पंखे, दहा-बारा संगणक. पण भिंत कागदांनी भरलेली. एका मुलाने मामाच्या कामोठ्यातल्या स्वयंपाकघराचे माप घेऊन नकाशा काढला होता. ओट्याची उंची, गॅसची जागा, फ्रिजचे दार उघडल्यावर माणूस कुठे उभा राहील, हे सगळे इंच-इंच मांडलेले. त्यावर मास्तरांनी लाल पेन्सिलीने लिहिले होते की सिलिंडर बदलणार कसा? हा लाल शेरा पाहून आमचा जीव थंड झाला. मास्तर सकाळी साईटवर सुतारांबरोबर असतात, दुपारनंतर शिकवतात. त्यांनी मुलीची वही मागितली, दहा मिनिटे चाळली, आणि बापाला तोंडावर सांगितले, "हिचा हात चांगला आहे, पण हिला माप येत नाही. सहा महिने रडेल, मग येईल." आमच्या मते हीच त्या दिवसातली सर्वांत प्रामाणिक जाहिरात होती.

छोटे म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आम्ही स्वतः कृषी पदवीधर नव्हे, कृषी पदविकाधारक आहोत. कृषी विद्यालयात आमच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडा होता आणि त्यात काय उगवले यावर गुण होते. पुस्तकात वाचलेला खताचा हप्ता आणि स्वतःच्या तुकड्यात पिवळी पडलेली पाने यांत कोणी जास्त शिकवले, हे सांगावयास नको. मोठी इमारत विद्या देत नाही, तुकडा देतो. डिझाईनच्या पोराचा तुकडा म्हणजे त्याने काढलेल्या कामांची वही, ज्याला ते लोक पोर्टफोलिओ म्हणतात. कॉलेज बघायला जाल तेव्हा मागच्या वर्षीच्या तीन पोरांच्या वह्या मागा. तिन्ही वह्यांत तीच ती चित्रे दिसली, तर समजा की एकाच कांडीची नक्कल चालली आहे. तिन्हींत वेगळे डोके दिसले, चुका दिसल्या, चुका दुरुस्त केलेल्या दिसल्या, तर जागा बरी.

आता कागदपत्रांकडे येऊ. येथे आपला सभासद सर्वांत जास्त फसतो, कारण बेण्याचा टॅग वाचणारा माणूससुद्धा कॉलेजच्या कागदावरचा शिक्का वाचत नाही.

पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. माळ्यावरचे कॉलेज "पदवी" म्हणत असेल, तर विद्यापीठ कोणते आणि ते या जागेला ओळखते का, हे त्या विद्यापीठालाच विचारावे. पदविका असेल तर ती राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, कला संचालनालयाची, की संस्थेने स्वतःच्या छापखान्यात छापलेली, हे विचारावे. पुष्कळ माहितीपत्रकांवर "आयएसओ प्रमाणित", "उद्यम नोंदणीकृत", "शासन नोंदणीकृत संस्था" असे मोठ्या अक्षरांत असते. यांतले एकही अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. उद्यम नोंदणी तर गावच्या पिठाच्या गिरणीलाही मिळते.

एक सोपी खूण सांगतो. फीच्या पावतीवर १८ टक्के जीएसटी लावलेला आहे का पाहा. कायद्याने मान्य असलेल्या पदवी-पदविकेच्या शिक्षणाला हा कर साधारणपणे लागत नाही; खासगी क्लासला लागतो. म्हणजे काउंटरवर ते काहीही म्हणोत, पावती खरे बोलते. क्लास असणे हा गुन्हा नाही, आम्ही वर वाखाणलेला माळाही क्लासच होता. पण क्लास असेल तर क्लास म्हणून फी द्यावी, कॉलेज म्हणून नव्हे.

कारण मान्यतेला पैसे बांधलेले आहेत. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र ते मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमास व केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्यालाही हीच अट. बँकेचे शैक्षणिक कर्जही बहुधा मान्यता पाहूनच निघते. आपल्या सभासदांतली कितीतरी घरे या यादीत बसतात. ज्या मुलीचे शुल्क शासन भरणार होते, तिच्यासाठी बाप जर काचेच्या केबिनमध्ये लाख रुपये मोजत असेल, तर त्याला कोणीतरी आधी सांगावयास हवे होते. म्हणून हे लिहीत आहोत.

लाख रुपये म्हणजे किती, हेही उसात मोजून पाहावे. २०२५-२६ च्या हंगामाचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. त्यातून तोडणी-वाहतूक जाते. टनाला अडीच हजार हाती राहिले असे धरले, तर एक लाख म्हणजे ४० टन ऊस. चांगल्या एकराचे अख्खे पीक, आणि त्यातला लागणीचा, खताचा, पाण्याचा खर्च वेगळाच. एक एकर बारा-चौदा महिने राबला, तेव्हा ती पावती फाटते. एवढे बेणे घेताना आपण डोळा तपासतो, कांडी चिरून आत लाल तर नाही ना पाहतो. इथे मात्र "सर बोलले" एवढ्यावर सही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला पटत नाही, ती म्हणजे एका वर्षात ग्राफिक आणि इंटेरियर दोन्ही. पुष्कळ कागदांवर "दुहेरी डिप्लोमा" असे लिहिलेले असते, आणि बापाला वाटते एका फीत दोन मिळाले. आपण उसात आंतरपीक घेतो, हरभरा घेतो, कांदा घेतो. ते जमते, कारण ऊस सावली धरण्याआधी ते पीक निघून जाते. दोन ऊस एका सरीत कोणी लावत नाही. ग्राफिकचे काम कागदावर आणि पडद्यावर. अक्षर, रंग, छपाई. इंटेरियरचे काम लाकूड, प्लाय, वायरिंग, पाण्याची पाईप आणि सुताराशी हुज्जत. रेखाटन, रंगाची समज आणि माप या तीन गोष्टी दोहोंना समान, त्या पहिल्या सहा महिन्यांत एकत्र शिकवल्या तर उत्तम. पुढे मात्र पोराने एक बाजू धरावी. दोन्ही अर्धवट येणाऱ्याला साईटवरचा सुतारही मानत नाही आणि प्रेसवालाही मानत नाही.

ग्राफिककडे जाणाऱ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा, की देवनागरी शिकवता का? बहुतेक ठिकाणी सगळा अभ्यास इंग्रजी अक्षरांवर होतो. आपल्या पोराचे गिऱ्हाईक मात्र मराठी. रसवंती, गूळ, दूध संघ, पतसंस्था, लग्नपत्रिका, दुकानाची पाटी. मराठी अक्षराची वेलांटी, रफार, जोडाक्षर हे वेगळे शास्त्र आहे. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे ज्यांनी पाहिली, त्यांना नाटकाचे नाव वाचण्याआधीच ते हसायचे की रडायचे हे कळत असे. संगणकात विंडोजबरोबर येणारे मंगल हे मराठी अक्षर र. कृ. जोशी यांनी घडवले. नवी मुंबईतच सुलेखनाची शाळा चालवणारे अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे गुरू लांब नाहीत. आणि शाळेत घेतल्या जाणाऱ्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा ज्या पोरांनी मन लावून दिल्या, त्यांचा पाया त्या फुकटाच्या शिकवणीत निम्मा झालेला असतो. बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटीही आहे. माळ्याची वाट धरण्याआधी हा दरवाजा ठोकून पाहावा.

संगणकाच्या कृत्रिम बुद्धीबद्दलही पोरे विचारतात. खरी गोष्ट अशी, की पूर्वी शिकाऊ पोरगा ज्या कामावर पहिले पैसे मिळवायचा, म्हणजे साधा बॅनर, शुभेच्छापत्र, चित्र जोडणे, ते काम आता मोबाईलवर मिनिटात होते. तेव्हा जे कॉलेज वर्षभर नुसती फोटोशॉप आणि कोरल ड्रॉची बटणे शिकवणार असेल, ते कालचे पीक विकत आहे. यंत्र चित्र काढील, पण डब्यावरचा लाल रंग मजुराला दिसला पाहिजे, ही काळजी त्याला नाही. सिलिंडर बदलणार कसा, हेही ते आपण होऊन विचारत नाही. ज्या मास्तरांच्या हाताखाली हे विचारण्याची सवय लागते, तिथे पैसे घालावेत. इंटेरियरला हा धोका थोडा कमी वाटतो, कारण भिंत तिरकी आहे की सरळ, हे तिथे जाऊन फीत लावल्याशिवाय कळत नाही. अर्थात पुढच्या पाच वर्षांचे कोणी सांगावे? आम्ही पावसाचाही अंदाज छातीठोक सांगत नाही.

कमाईबद्दल माहितीपत्रकातले आकडे विसरावेत. सुरुवातीची एक-दोन वर्षे पगार मामाच्या घरी राहतो म्हणून भागतो, एवढाच असतो. आणि इंटेरियर म्हणजे एसीत बसून रंग निवडणे नव्हे. प्लायचा भुसा, थिनरचा वास, अर्धवट इमारतीचे जिने आणि शब्द फिरवणारे गिऱ्हाईक. तिथेच कायद्याचीही एक बाजू लक्षात ठेवावी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने आर्किटेक्ट हे नाव नोंदणी केलेल्यालाच लावता येते, इंटेरियर डिझायनरला तसे कायद्याचे कुंपण नाही. कोणीही उद्यापासून पाटी लावू शकतो. याचा अर्थ वाट मोकळी आहे आणि गर्दीही आहे. प्रमाणपत्रापेक्षा केलेले काम बोलते ते यामुळेच.

मुलींबाबत एक सांगितलेच पाहिजे. काही सभासद म्हणतात, "साईटवर गवंडी-सुतारांत पोरीनं कसं उभं राहायचं?" बंधूंनो, आपल्याच शेतात भांगलणीला, लागणीला बायका उभ्या असतात आणि टोळीतल्या बाया पहाटे तीनला उसाची मोळी डोक्यावर घेतात, तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडत नाही. घरातला ओटा, कपाट, कोठी हे सगळे जी वापरते, तिनेच ते आखावे यात नवल ते काय? जाण्या-येण्याची वेळ, सोबत, साईटवर जाताना संस्था काय व्यवस्था करते, हे जरूर विचारा. पण त्या प्रश्नावर तिचे शिक्षण थांबवू नका.

राहता राहिला आपला स्वतःचा वाटा. पोर शिकून परत आले, तर त्याला गावात काम द्यायचे की नाही? सहकाराने हे पूर्वी करून दाखवले आहे. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलच्या लोण्यासाठी ठिपक्यांच्या फ्रॉकची मुलगी काढली. तिने आणंदच्या दूध उत्पादकाचे लोणी देशभर ओळखीचे केले. ते दूध आपल्यासारख्याच शेतकऱ्यांचे. आपली साखर मात्र पोत्यात जाते, व्यापाऱ्याकडे जाते आणि ग्राहकाच्या घरात पोचेपर्यंत तिला नाव-गाव राहत नाही. एखादा सभासद सेंद्रिय गूळ करतो, काकवी करतो, माल उत्तम, आणि बाटलीला लावतो प्रेसवाल्याने दुसऱ्याच कोणाचे नाव खोडून दिलेले लेबल. तिथे पाच हजार रुपये मागणाऱ्या गावच्या पोराला "अरे, मित्राचं काम आहे, फुकट कर की" म्हणणारे आपणच. गवंड्याला हजेरी देतो, तोडणीवाल्याला उचल देतो, मग डोक्याने काम करणाऱ्यालाच फुकट का?

कारखान्याकडूनही सुरुवात व्हावी, असे आमचे मत आहे. दरवर्षी वार्षिक अहवालाचे मुखपृष्ठ आणि भिंतीवरचे कॅलेंडर बाहेरून छापून येते. त्याचे रेखाटन सभासदांच्या शिकत्या मुला-मुलींकडून मागवावे, निवडलेल्याला रीतसर मोबदला द्यावा आणि नाव छापावे, अशी टिपणी आम्ही कार्यालयाकडे दिली आहे. मंजूर झाली तर गट ऑफिसच्या फळ्यावर लावू. चित्र कोणाचेही निवडले जावो, आमची एकच विनंती आहे, की उसाच्या कांडीवर डोळा दाखवावा. गेल्या कॅलेंडरवर होता तो बांबू होता.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग